लघुलेखिकेच्या अनवधानाने

सन्माननीय सभापती महोदय, व्यासपीठावर बसलेले छत्री पक्षाचे नेते, ज्यांच्यामुळे आज हॉल वेळेवर भरला ते आपले नट-सदस्य, आजच्या सत्कारमूर्ती, त्यांच्या घरची मंडळी, आणि खुर्च्या कमी पडल्यामुळे भिंतीला टेकून उभे असलेले माझे जुने सहकारी,

मला पाच मिनिटं दिली आहेत. या सभागृहाच्या वृत्तांत विभागाची मी चौदा वर्षं प्रमुख होते. इथली पाच मिनिटं किती लांब असतात, हे मला शिकवायला नको.

आज निवृत्त होणारी ही बाई आमची लघुलेखिका. तिला सगळे टाचणी म्हणतात. कागद टाचते म्हणून नव्हे, टोचते म्हणून. तेहतीस वर्षं, मधली नऊ सोडून, ती त्या समोरच्या छोट्या टेबलाशी बसली आणि सदस्य जे बोलले ते शॉर्टहँडमध्ये उतरवत राहिली. एक सदस्य एकदा ‘मी फार बोलणार नाही’ म्हणून उभे राहिले आणि पाऊण तास बोलले. दुसऱ्या दिवशी वृत्तांत वाचून म्हणाले, ‘मी एवढं बोललो?’ ही म्हणाली, ‘साहेब, माझ्या मनगटाला विचारा.’ पहिल्या रांगेत तिची लेक बसली आहे. ती सांगते, घरात भांडण झालं की आई सगळ्यांची वाक्यं जशीच्या तशी परत म्हणून दाखवते, त्यामुळे आमच्या घरात भांडणं फार चालत नाहीत.

इथवर कौतुक झालं. ते खरं आहे, आणि अजून तासभर करता येईल. पण टाचणीच्या नावावर एकच चूक नोंदवलेली आहे, आणि ती तिची नाही. त्याबद्दल बोलल्याशिवाय मी खाली बसणार नाही.

अकरा वर्षांपूर्वी छत्रीवाले सत्तेत होते. त्यांनी एक नियम आणला होता: या सभागृहाबद्दल जाहीरपणे अनादरानं बोलणाऱ्याला दंड. अनादर म्हणजे काय, ते सभागृह ठरवणार. आपले नट-सदस्य तेव्हा नुकतेच छत्रीच्या तिकिटावर निवडून आले होते. पक्षानं त्यांना चार पानी भाषण लिहून दिलं होतं. नियमाच्या बाजूनं, अर्थातच.

खरं सांगते, मीही तेव्हा नाक मुरडलं होतं. नटानं कायद्यावर कशाला बोलावं? नंतर विचार केला, हा माणूस कुठला साबण वापरावा हे सांगतो तेव्हा आपण दुकानात जातो. कुठली गादी, कुठला पंखा, सगळ्यावर त्याचं मत आपल्याला चालतं. मत द्यायला उभा राहिला की मात्र आपण त्याची पदवी विचारतो. आणि पक्ष? पक्षांना त्याचा चेहरा हवा असतो. चेहऱ्याला तोंडही असतं, हे त्यांच्या लक्षात निवडणुकीनंतर येतं.

तर ते उभे राहिले. दीड पान वाचलं, थांबले, कागद खाली ठेवला आणि म्हणाले, ‘मी आयुष्यभर दुसऱ्यांनी लिहिलेलं बोललो, पण इतकं वाईट मला कुणी लिहून दिलं नव्हतं. लोकांना बोलू द्या हो. मला वीस वर्षं लोक वाट्टेल ते बोलतायत. मी मेलो का?’

छत्रीच्या नेत्यांनी त्यांचा सदरा मागून ओढला. विरोधात शिडीवाले होते. त्यांचाही त्या नियमाला विरोधच होता, म्हणजे त्यांनी टाळ्या वाजवायला हव्या होत्या. पण तिकीट आधी त्यांनी देऊ केलं होतं आणि नटसाहेबांनी ते नाकारलं होतं. त्यामुळे त्यांच्या बाकांवरून आवाज आला, ‘नटाला काय कळतं? खाली बसवा त्याला.’ नटसाहेब बसले. माइक सुरूच होता. टेबलाकडे वाकून हळूच म्हणाले, ‘बाई, हे लिहू नका हं.’

टाचणीनं तेही लिहिलं.

दुपारी छत्रीचे नेते माझ्या खोलीत आले. चहा घेतला. म्हणाले, ‘मॅडम, आमचे सदस्य भावनेच्या भरात बोलले. लिहून दिलेलं भाषण आहेच. तेच लावून टाका.’ आमच्याकडे सदस्याला व्याकरण सुधारून मिळतं, अर्थ बदलून मिळत नाही. हे मला माहीत होतं. मीच नवीन मुलींना ते शिकवायचे. तरी मी टाचणीला बोलावलं.

ती म्हणाली, ‘मॅडम, व्याकरण सांगा, आत्ता सुधारते. त्यांचं मत मी कसं सुधारू?’

मी म्हटलं, ‘अगं, त्यांचंच भाषण आहे ना ते?’

‘कागद त्यांचा आहे. बोलले ते हे.’

‘तुझं प्रमोशन पुढच्या महिन्यात आहे, टाचणी.’

‘ठाऊक आहे,’ ती म्हणाली. ‘म्हणूनच तुम्ही मला आज बोलावलंत.’

तिनं बदललेल्या पानावर सही केली नाही. मी केली. जे भाषण मी ऐकलं नव्हतं, कारण मी तेव्हा माझ्या खोलीत होते, त्याच्याखाली मी सही केली. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनं आमच्या बोटांवर पट्टी मारून शिकवलं होतं की खोटं बोलू नये. मी स्वतःला समजावलं, मी बोलले कुठे, नुसती सही तर केली. पुढच्या महिन्यात टाचणीची बदली तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये झाली. त्या कागदावरही सही माझीच.

नऊ वर्षं ती तिथे होती. दरम्यान मी निवृत्त झाले, शिडीवाले सत्तेत आले आणि नटसाहेब शिडीवर चढले. शिडी पक्षानं ठरवलं, त्यांच्या त्या धाडसी भाषणाची पुस्तिका काढू. छापील खंड उघडला, तर त्यात नटसाहेब नियमाचं तोंड भरून कौतुक करताहेत. टाइप केलेली पानं छपाईनंतर रद्दीत जातात. शॉर्टहँडच्या वह्या मात्र तळघरात राहतात. म्हणजे आम्ही शिक्षा म्हणून तिला तिच्याच पुराव्याशेजारी नेऊन बसवलं होतं.

वही सापडली, पण वाचणार कोण? शॉर्टहँडमध्ये प्रत्येकाचं वळण वेगळं असतं. मला घरून बोलावून घेतलं. मला दोन ओळींपलीकडे जाता आलं नाही. शेवटी तळघरातून टाचणी वर आली, चष्मा पुसला आणि समितीच्या खोलीत सगळ्यांसमोर वाचू लागली.

तिनं सगळं वाचलं. ‘मी मेलो का’ वाचलं तेव्हा नटसाहेबांची मान ताठ झाली. मग ‘नटाला काय कळतं? खाली बसवा त्याला’ वाचलं, ते ओरडणाऱ्या सदस्यांच्या नावासकट. ते सदस्य आज आपले सभापती आहेत. मग वाचलं, ‘बाई, हे लिहू नका हं.’

सभापती महोदय, आपण तेव्हा काय म्हणालात, आठवतं? ‘मधलं थोडं वगळून छापता येईल का?’ आणि छत्रीचे नेते, ज्यांनी माझ्याकडे चहा घेतला होता, ते ताडकन उभे राहिले. म्हणाले, ‘एक अक्षर वगळलेलं खपवून घेणार नाही.’ टाचणी म्हणाली, ‘मीही नाही, साहेब. मी तेव्हाही नाही म्हटलं होतं.’

भाषण पूर्ण छापलं गेलं. मग कुणीतरी विचारलं, खंडातलं पान बदललं कुणी? छत्रीचे नेते पंख्याकडे बघत होते. मी माझ्या पिशवीची चेन लावत होते. टाचणीला विचारलं, तेव्हा ती माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘मला वही वाचायला बोलावलं होतं. वाचून झाली.’

छापील खंडात सही नसते, फक्त लिहून घेणाऱ्याचं नाव असतं. म्हणून खंडात दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवली गेली: ‘लघुलेखिकेच्या अनवधानाने झालेली चूक.’ दोन वर्षं झाली तिला. गेल्या आठवड्यात टाचणीच्या लेकीनं ती चिठ्ठी वाचली आणि मला फोन केला. ‘मावशी, आईनं नक्की काय चूक केली होती? ती सांगत नाही.’

मी तिला म्हटलं, कार्यक्रमाला ये, सगळ्यांसमोर सांगते.

पोरी, तुझ्या आईनं काही चूक केली नाही. ते पान मी बदललं. अनवधानानं नाही. पूर्ण शुद्धीत, एका कपभर चहावर. आणि तुझ्या आईनं मला वाचवलं, ज्याची माझी लायकी नव्हती.

या इमारतीत बोलण्याच्या स्वातंत्र्यावर मी शेकडो भाषणं ऐकली. सत्तेतून विरोधात गेलं की प्रत्येकाला ते आठवतं आणि परत आलं की विसरतं. नटसाहेब, तुमचं ते दोन मिनिटांचं बोलणं त्या सगळ्यांपेक्षा मोठं होतं. नंतर घाबरलात, हेही खरं. पण दोन्ही ज्या बाईमुळे टिकलं, तिनं आयुष्यात एकदाही माइक हातात घेतला नाही. ती कुठल्या पक्षाला मत देते, हे मला तेहतीस वर्षांत कळलं नाही. दोन्ही पक्षांना मात्र तिची सारखीच भीती वाटत आली. आम्हा वृत्तांतवाल्यांना याहून मोठं पदक नसतं.

सभापती महोदय, माझी एक विनंती आहे. ती चिठ्ठी काढावी. नवीन चिठ्ठीवर ‘तत्कालीन विभागप्रमुख’ असं लिहून चालणार नाही. त्या पदावर चारजण होऊन गेले. माझं पूर्ण नाव लिहावं. मसुदा मी सही करून आणला आहे, समोर ठेवते.

मला बोलावलंत, ऐकून घेतलंत, त्याबद्दल सर्वांची आभारी आहे. शेवटी वक्ते म्हणतात, काही उणंअधिक बोलले असेन तर पोटात घाला. मी तसं म्हणणार नाही. समोरच्या टेबलाशी एक नवीन मुलगी मघापासून लिहिते आहे. बाळ, जे बोलले ते तसंच राहू दे. कुणी चहा प्यायला आलं, तर चहा पाज आणि पाठव.