गोदाक्काच्या पायांचा नवस

...आणि आता माझ्या चहाचं काय, ते सांगा! चार महिन्यांपूर्वी मोहटादेवीपुढं पदर पसरून बोलले होते मी, "आई, गोदाक्का आपल्या पायांनी चालत घरी येईपर्यंत चहाच्या थेंबाला शिवणार नाही." कोण गोदाक्का म्हणून काय विचारता? साडेसातच्या मालिकेतली! आमच्या अख्ख्या तिसगावची आक्का ती. धाकट्या सुनेनं खिरीत विष कालवलं नि बाई दवाखान्यात पडली... पडली ती पडलीच! चार महिने ते यंत्र नुसतं टूं टूं करतंय, तेवढ्यात इकडं घरात दोन डोहाळजेवणं झाली, ती विषारी सून झोपतानासुद्धा पैठणी नेसून झोपली, नि मी इथं सकाळी उठून कोमट पाणी पितेय! शेजारच्या हेलनबाई चर्चमध्ये प्रार्थना करून आल्या, म्हणाल्या, "वहिनी, उठतीय बघा आता." कसली उठतेय!

परवा, तुम्हाला सांगते, आणली एकदाची घरी. चौघांच्या खांद्यावर! माझ्या हातातलं लाटणं गळालं. तिकडं मालिकेत गावभर रडारड, आणि सगळ्यांत मोठ्यानं कोण रडतंय? तीच सून, काजळ जरासुद्धा न फिसकटता! शेवटी पाटी, 'प्रिय गोदाक्का, भावपूर्ण निरोप.' आमचे हे कॉटवरून म्हणतात कसे, "आली की घरी! टाक चहा, मला बी अर्धा कप." अहो, आपल्या पायांनी म्हटलंय मी! "मंग नुसतं घरी म्हनायचं हुतं. पाय कशाला घातले मधी?" घ्या! देवीशी बोलताना शेजारी वकील बसवायचा का मी?

कहर तर पुढंच. माझ्या सुनेनं, धनश्रीनं, मोबाईल पुढं धरला. सेटवर म्हणे निरोपसमारंभ! गोदाक्का तिरडीवरून उठलीय, नाकात कापूस तसाच, केक कापतेय, विष घालणारी तिला घास भरवतेय, आणि हातात काय? चहा! वाफाळता! जिच्यासाठी मी चहा सोडला ती बया भुरके मारतेय! मग माझ्या चहाचं काय?

"आई, त्यांनी आठची मालिका घेतलीय," धनश्री म्हणाली. म्हटलं, पावली गं देवी! बाई तीच, पाय तेच. तिथल्या घरात दोन पावलं टाकली की माझा नवस फिटला. काल आलं किसून, आधण ठेवूनच बसले टीव्हीपुढं. मोटार थांबली, बंगल्याचं दार उघडलं, गोदाक्का आत आली...

चाकाच्या खुर्चीत! पहिल्याच भागात!

काय करता? आधण उतरवलं, बसले बघत. आता तुम्हीही एवढं करा, तुमचा जो देव असेल त्याला बाई चालती व्हावी म्हणून नवस बोला. सुपारी सोडा, वांगं सोडा, शब्द तेवढे जपून वापरा. चहा मात्र सोडू नका हं... ती चालली की पहिला कप मी तुमच्याकडंच घेणार आहे.