तांदूळ तेवढा दारावरचा

खाली

नंदिता: …आणि फोटो! फोटोसुद्धा टाकलाय बिल्डिंगच्या ग्रुपवर. हे बघा. नेसलेली वेष्टी, अनवाणी पाय, गळ्यात तांदूळ घ्यायचा पितळी सोंबू. खाली लिहिलंय, 'नंदिताच्या वडिलांना काही मदत हवी आहे का?'

तुकोजी: चांगला आला की. चिपळ्या दिसेनात तेवढ्या.

नंदिता: अप्पा!

तुकोजी: कोण काढली?

नंदिता: दुसऱ्या मजल्यावरच्या विशालाक्षी मामी. तुमच्यासाठी सांबारभातही पाठवलाय वर.

तुकोजी: पुण्यवान बाई. शिजलेलं घेत नाही म्हणून सांगितलों तिला, तरी पाठवली?

नवीन: मी खाल्ला. छान होता.

नंदिता: नवीन, तू मध्ये बोलू नकोस.

नवीन: बरं. पण आमच्या साताऱ्याला दारावर वासुदेव यायचा. तो एक दिवस आपलाच सासरा निघेल, असं कधी वाटलं नव्हतं.

नंदिता: तुमच्या शेतात भात पिकतो, अप्पा. आमचं घर वर्षभर तुमचा तांदूळ खातं. आणि तुम्ही तिसऱ्या मजल्यावर कनकाच्या दारात मूठभर तांदळासाठी गात उभे!

तुकोजी: उंछवृत्ती आहे ती, गात मूठ-मूठ घ्यायचं व्रत. भीक नव्हे. लहानपणी तू पण हिंडलीस माझ्यामागं, झांजा घेऊन.

नंदिता: ते गावात. आपल्या गल्लीत, वीधीत. तिथं सगळी घरं ओळखीची.

तुकोजी: वीधीत आता दारं कुठं गं? कुलुपं आहेत. गेल्या वर्षी कुलुपांसमोर गाऊन बघितलों. कुत्रं तेवढं आलं ऐकायला. मग म्हटलों, घरं जिथं गेली तिथं, मद्रासला, आपण जाऊ. हंबीरराव नुंगंबाक्कमला. त्यांची लेक कनका हितं मांबलमला. जननी सिरुसेरीला.

नवीन: सिरुसेरीला? आमच्या कंपनीच्या गेटवर गायलात?

तुकोजी: गेटावरच. गळ्यात कार्डाचा पट्टा अडकवून खाली आली पोर. टिफिनच्या डब्यात घरून तांदूळ आणली होती. वॉचमन टोपी काढून उभा राहिला.

नवीन: मला तोच वॉचमन रोज अडवतो.

नंदिता: दोघंही लिफ्टमध्ये चला. लोक बघताहेत.

लिफ्ट

नवीन: अप्पा, एक विचारू? गावच्या मठातल्या सीताकल्याणाच्या उत्सवाच्या जेवणाला तुमच्याच घरचं एक पोतं घातलं तर? एवढी वणवण कशाला?

तुकोजी: जावईबापू, माप्पिळ्ळै, केळीची पानं माझी. भोपळे माझे. चुलीला लाकूड माझं. वाढायला मी, खरकटं काढायला मी. नांगरणारे येतात, बसवाले येतात, कोण येईल तो बसतो. तांदूळ तेवढा माझा नको.

नवीन: का?

तुकोजी: माझा घातलों तर गाव तुकोजीकडं जेवून गेलं म्हणतील. दारोदारची मूठ पडली की कोण कुणाकडं जेवला ते कळत नाही. हंबीररावांचा पोरगा म्हटला, ऑनलाइन पोतं पाठवतो. मी म्हटलों, पोतं नको बाबा, तू दारात ये.

नंदिता: गुडघा दुखतोय ना?

तुकोजी: नाही.

नंदिता: अप्पा.

तुकोजी: थोडा.

नंदिता: कनकाकडं तिसऱ्यावर गेलात. पुढं?

तुकोजी: पुढं काय? खाली आलों.

नंदिता: एक मजला वर नाही चढलात?

तुकोजी: चौथ्यावर कोण आहे आपल्या वीधीतलं?

(लिफ्ट थांबते. नंदिता तडक बाहेर पडते.)

नवीन: अप्पा, उतरा. दार बंद होतंय.

दार

तुकोजी: हिचं काय झालं?

नवीन: तुम्हीच विचारा. मी गप्प आहे.

नंदिता: मी आहे चौथ्यावर. मी! फोटोचा राग नाही मला. आहे, थोडा. पण सगळं मद्रास पालथं घातलंत आणि माझ्या दारापर्यंत आला नाहीत.

तुकोजी: लेकीच्या दारात बाप मागत नाही, कण्णा, पोरी. माझा बाप मागितला नाही. त्याचा बाप मागितला नाही.

नंदिता: कनका कुणाची लेक नाही?

तुकोजी: आहे की. हंबीररावांची.

नवीन: नियमात बसतंय.

नंदिता: तू गप्प होतास ना? …अप्पा, आपल्या गावच्या घरची मूठ कोण घालतं?

तुकोजी: तुझी आई घालायची. मी दारात गायचों. ती आतून यायची, ओळखदेख नसल्यासारखी. एकदा हसू आलं तिला, अर्धा तांदूळ दारातल्या तिण्णैवर सांडली.

नंदिता: आणि आता?

तुकोजी: आता काय? माझ्या दारात मीच गाऊन मीच आत जाऊन आणू? नाटक होईल ते.

नंदिता: म्हणजे आई गेल्यापासून आपलं घर त्यात नाही.

तुकोजी: पंगतीला काही कमी पडत नाही.

नंदिता: मी ते विचारलं नाही.

तुकोजी: …नाही. त्यात नाही. पातेल्यात ओतताना मठातले भागवतर एकेका घराचं नाव घेतात. आपल्यापाशी आलं की खोकतात आणि पुढं जातात.

नंदिता: मी घालते.

तुकोजी: हं. तसं कर. आईच्या नावानं घाल. अन्नपूर्णाबाईंचं घर. मग मी लेकीकडं मागितलों असं होत नाही.

नंदिता: आईच्या नावानं नको.

तुकोजी: अगं, वाट काढून देतोय तुला.

नंदिता: आईनं तिच्या घरातून घातली. मी माझ्या घरातून घालणार. ह्या घराचा हप्ता भरते मी, हे घर झाडते मी.

नवीन: झाडतो मी.

नंदिता: नवीन झाडतो. पण नाव माझं लागणार.

तुकोजी: वीधीतले लोक काय म्हणतील?

नंदिता: कोण लोक? राहिलंय कोण वीधीत? तुम्ही, भागवतर आणि ते कुत्रं.

तुकोजी: …भागवतर काही म्हणणार नाहीत.

नंदिता: मग?

तुकोजी: मग आण. बघतोस काय, माप्पिळ्ळै, डबा आण आतून.

नवीन: हा घ्या.

तुकोजी: थांब थांब. कुठला हा तांदूळ?

नंदिता: तुम्हीच नाही का पोंगलला पाठवलेला… अय्यो.

तुकोजी: माझा तांदूळ माझ्या सोंबूत चालत नाही.

नवीन: विशालाक्षी मामींकडून आणू मूठभर?

तुकोजी: मग ती मूठ विशालाक्षीची.

नंदिता: इडलीचा! इडलीचा तांदूळ कोपऱ्यावरच्या दुकानातला आहे. काल मीच आणला. अजून भिजवला नाही. चालेल?

तुकोजी: इडलीचा? जाड असतो तो. शिजायला वेळ लावतो.

नंदिता: चालेल की नाही, सांगा.

तुकोजी: चालेल. बाकीचा तांदूळ थांबेल त्याच्यासाठी.

नंदिता: सोंबू पुढं करा मग.

तुकोजी: असं नव्हे. आत जा दोघं. दार लावून घ्या. मी गातो, मग उघड.

नंदिता: शेजारी पुन्हा फोटो काढतील.

तुकोजी: काढू दे. ह्या वेळी चिपळ्या वर धरतो.

(दार लागतं. चिपळ्या वाजतात, अभंगाची एक ओळ दोनदा येते. दार उघडतं.)

तुकोजी: कोणाचं घर?

नंदिता: तुम्हाला माहीत नाही?

तुकोजी: विचारायचं असतं.

नंदिता: नंदिताचं घर.

तुकोजी: हं. दोन्ही हातांनी घाल. हळू, सांडेल. …झालं.

नंदिता: आता या आत. कधीपासून उभे आहात.

तुकोजी: मूठ घातल्यावर मागणाऱ्याला घरात बोलवत नाहीत. दार लाव.

नंदिता: अप्पा, आता पुरे.

तुकोजी: लाव गं. मग मी बेल वाजवतो. तुझा बाप आलेला असेल. त्याला कॉफी ठेव.