खिडकीवरचं पॅनेल

सोलारवाला : मावशी, तुम्ही फोनवर माप दिलंत त्यात ही खिडकी नव्हती.

चिमी : कुठली खिडकी?

सोलारवाला : ही काय, गाडीच्या टपाच्या मधोमध! आत्ता माझा गुडघा पडला असता तिच्यावर. तुम्ही तर म्हणालात, टप पाटासारखा सपाट आहे.

चिमी : तिला हिशेबात धरायचं नाही. दुसरं पॅनेल सरळ तिच्यावरून जाऊ दे. आणि जरा आवाज खाली घ्या. ताई खुर्ची टाकून बसलीय तिकडे.

ताई : ताईला श्वासाचा त्रास आहे, चिमे. कानाचा नाही.

सोलारवाला : नमस्कार, मोठ्या मावशी.

ताई : नमस्कार. तुम्ही आधी खाली या आणि मला नीट सांगा. माझी ही धाकटी बहीण साठी उलटून गेली, तरी अजून लपवाछपवी करताना कपाळ खाजवते. तिच्याकडून काही कळायचं नाही.

चिमी : कोण खाजवतंय? ऊन लागतंय मला! ते सोड, ताई, तू आधी पॅनेल बघ. हात लावून बघ ना! माझ्याहून उंच आहे. जुनं बिचारं ताटाएवढं होतं, आणि हे म्हणजे कुणाच्या तरी घराचं दारच उचलून आणल्यासारखं वाटतंय. आणि अशी दोन! फ्रिज, दिवे, पंखा, तुझं मशीन, सगळं एकदम लाव. बॅटरीला पत्तासुद्धा लागणार नाही.

ताई : बॅटरीला सगळं कळतं. गेल्या वेळी मलाच उशिरा कळलं.

सोलारवाला : कसलं मशीन, मोठ्या मावशी?

ताई : झोपेत माझा श्वास अडकतो. नाकावर मास्क लावून झोपते, मशीन रात्रभर हवा ढकलत राहतं. डॉक्टरांनी बजावून ठेवलंय, त्याच्याशिवाय एकही रात्र काढायची नाही. तीन वर्षांपूर्वी आम्ही दोघी ह्याच गाडीतून गेलो होतो, एका तळ्याकाठी. आभाळ भरलेलं, ऊन म्हणून नाही. पहाटे मशीन बंद पडलं.

चिमी : आणि मी शेजारी डाराडूर.

ताई : मला जाग आली ती पाण्याखाली असल्यासारखी. मी कधी कशाला घाबरले नव्हते हो. त्या पहाटे घाबरले. तेव्हापासून भिंतीत प्लग असेल तिथेच झोपते. माझं जग त्या वायरीएवढं झालंय म्हणा ना.

चिमी : म्हणून तर! म्हणून तर ही मोठी पॅनेलं! ह्या वेळी तळंबिळं नाही, ताई. थेट टोक गाठायचं. रस्ता संपतो आणि तिन्ही बाजूंनी समुद्र लागतो ना, तिथे गाडी उभी करायची. आसपास घर नाही, दार नाही. आयुष्यभर भूगोल शिकवलास, पोरांना ते टोक दाखवलंस...

ताई : छडी टेकवून. पाय कधी टेकवला नाही.

चिमी : आणि मी आयुष्यभर बस चालवली, डेपो ते बाजार, बाजार ते डेपो. आता आपण निघायचं, ते निघायचंच!

ताई : विषयाला बगल देऊ नकोस. खिडकीचं काय ते बोल.

सोलारवाला : सांगू की नको?

चिमी : नको.

ताई : सांगा.

सोलारवाला : हे बघा, टप आहे एवढा. खिडकी ठेवली तर एकच पॅनेल बसतं. दोन बसवायची तर दुसरं येतं खिडकीच्या डोक्यावर. मध्ये चार बोटं फट राहील, पण खिडकी उघडणार नाही. आणि आत झोपून वर बघितलंत तर पॅनेलची पाठ दिसणार, बाकी काही नाही.

ताई : मग एकच बसवा.

सोलारवाला : लख्ख ऊन असेल तर एकावर भागेल. ढग आले की नाही भागणार. टीव्ही चालवायचा असता तर म्हटलं असतं, बघू, जमेल. श्वासाच्या बाबतीत मी 'बघू, जमेल' म्हणणार नाही.

ताई : मग एकही नको. उतरवा ते सामान. आणि जेवून जा.

चिमी : ताई!

ताई : ताई काय ताई? ऐका हो तुम्ही. ही गाडी घ्यायला गेलो, तेव्हा तो विकणारा बिचारा बॉनेट उघडून इंजिन दाखवत उभा. आणि ही बया कुठे? आत जाऊन आडवी झालेली! इंजिन बघितलं नाही, टायर बघितले नाहीत, आणि म्हणे बसड्रायव्हर! 'ताई, छतात आभाळ आहे,' एवढंच म्हणाली आणि गाडी घेऊन मोकळी झाली. आता माझ्या नाकासाठी ते आभाळ बुजवणार? कुठल्या तोंडाने झोपू मी त्याच्याखाली?

चिमी : मला एकटीला काय चाटायचंय ते आभाळ? तीन वर्षं बघतेय ना मी. तुला फोटो पाठवते आणि तू मला अंगठा पाठवतेस. वर हे एवढे तारे असतात, आणि 'तो कुठला, हा कुठला' सांगणारं शेजारी कुणी नसतं. मग सगळे सारखेच दिसतात. एकदा तर रडले मी. एवढी घोडी झाले, तरी रडले.

ताई : मला कधी बोलली नाहीस.

चिमी : बोलणार काय? तू अंगठा पाठवलास!

सोलारवाला : मी जरा ड्रिल बघून येतो हं. गाडीत राहिलंय वाटतं.

ताई : तुमच्या हातात आहे ते ड्रिल. बसा तिथेच.

सोलारवाला : घरच्या भांडणात मला नका ओढू, मावशी. मी आपला टपावरचा माणूस.

चिमी : भांडण नाहीच मुळी. ठरलंय सगळं. दोन पॅनेल, खिडकी बंद, ताई गाडीत.

ताई : खिडकी उघडी, ताई घरात.

चिमी : हट्टी आहेस तू.

ताई : मोठी आहे मी.

चिमी : मोठी असलीस म्हणून काय झालं? माझी खिडकी आहे, मी बुजवीन नाहीतर फोडीन! तुला बरोबर न्यायचंय मला, कळत कसं नाही गं तुला?

ताई : कळतं. म्हणूनच नाही म्हणतेय. तुझ्या जिवाचं ते एक सुख, त्याच्यावर झाकण घालून मी सुखाने श्वास घ्यायचा? नाही जमणार मला... काय हो, एक सांगा. रात्री ही पॅनेलं काय करतात?

सोलारवाला : रात्री? काही नाही. सूर्य कुठे असतो रात्री?

ताई : तेच म्हणतेय. आणि चिमे, दिवसा तू त्या खिडकीतून किती वेळा बघतेस?

चिमी : दिवसा मी गाडी चालवते. वर बघून चालवली तर दोघी थेट वरच पोचू.

ताई : म्हणजे पॅनेलला आभाळ हवं दिवसा, आणि हिला हवं रात्री. मग अडलंय कुठे? पाळ्या लावा की!

सोलारवाला : पाळ्या? पॅनेल काय ड्यूटी संपवून घरी जाणार आहे?

ताई : घरी कशाला? नुसतं बाजूला होऊ दे. एका अंगाला बिजागऱ्या लावा. रात्री पेटीच्या झाकणासारखं वर उचलायचं, सकाळी पाडून ठेवायचं.

चिमी : अय्या.

सोलारवाला : थांबा. थांबा हं. बिजागऱ्या...

चिमी : अय्या, ताई! ताई गं!

सोलारवाला : थांबा हो, मला विचार करू द्या! उघडल्यावर ते पेलायला पाहिजे. गाडीच्या डिकीचं झाकण वर धरून ठेवतात ना, तसले दोन दांडे... ते बसतील. वायर जरा सैल सोडावी लागेल. आणि उचलायचं कसं? टपावर चढून?

चिमी : टपावर कशाला? आधी खिडकीची काच बाजूला घ्यायची. सरकती काच टाकू! आणि मग पलंगावर उभं राहून खालून ढकलायचं! माझे हात पोचतात. पोचतात ना, ताई? बघ, बघ, इथपर्यंत पोचतात!

ताई : पोचतात, पोचतात. आधी त्या शिडीवरून उतर. पडशील.

सोलारवाला : वारा सुटला तर मात्र लगेच खाली घ्यायचं. नाहीतर शिडासारखं गाडीच ओढून नेईल.

ताई : आणि उघडं राहिलं असताना ही सकाळी गाडी हाकत सुटली तर? हिचा काही भरवसा नाही.

चिमी : घंटा लावा! बसचं दार उघडं राहिलं की कशी वाजायची, तशी. झाकण वर असताना किल्ली फिरवली की ठणाणा वाजली पाहिजे.

सोलारवाला : लावतो. बोंबलेल अशी लावतो. उद्या दुसरीकडे काम होतं माझं... जाऊ दे, त्यांना सांगतो परवा येतो म्हणून. मावशी, एवढी वर्षं टपांवर काढली, पण उठून बसणारं पॅनेल नव्हतं बघितलं. मलाच बघायचंय आता!

ताई : माझं अजून 'हो' झालेलं नाही. आधी परीक्षा. माझ्या मशीनवर नाही हं, टेबलफॅनवर. तो जास्त खातो की मशीन?

सोलारवाला : जोरात ठेवलात तर फॅनच जास्त खाईल.

ताई : मग जोरात ठेवायचा. फ्रिजपण चालू. आणि परीक्षा ढग आल्यावर. उन्हात कोणीही पास होतं.

चिमी : ऐकलंत? रिटायर झाली, पण पोरांना नापास करायची हौस काही गेली नाही!

(काही दिवसांनी, सकाळ. दोन दिवसांपासून आभाळ गच्च भरलेलं. चिमी व्हॅनच्या दारात गोधडी पांघरून उभी.)

ताई : चिमे! पंखा?

चिमी : कान दे! येतोय ऐकू? नुसता भणाणतोय! मला सर्दी झालीय, ताई! दोन रात्री अंगावर घेतलाय राक्षसाला!

ताई : आणि बॅटरी?

चिमी : निम्म्याहून वर! उन्हाचा कवडसा नाही, फ्रिज चालू, दिवे चालू, हा चालू, आणि तरी निम्म्याहून वर!

ताई : सरक. मला बघू दे.

सोलारवाला : मीपण बघणार. कामावर जाता जाता आलो, राहवलंच नाही. रात्री झाकण उघडलंत, मावशी?

चिमी : एका हाताने! असं, फुलासारखं वर गेलं. दांडे नुसते सुस्कारा टाकतात.

सोलारवाला : काय दिसलं?

चिमी : ढग. तारा म्हणून नाही. पण काय ढग होते, वा!

ताई : निम्म्याहून वर आहे खरी.

चिमी : मग मी काय थापा मारत होते?

ताई : तसं नाही गं... चिमे, पुन्हा बंद पडलं तर?

सोलारवाला : मोठ्या मावशी, त्याचीही सोय केलीय. बॅटरी पडायला लागली की आधी घंटा वाजणार. मशीन थांबायच्या कितीतरी आधी. ती आवाज करते असा, की मेलेला उठून बसेल.

ताई : हिची झोप तेवढ्याने मोडेल?

चिमी : उशाशीच लावून घेतलीय मी. काल रात्री मुद्दाम वाजवून बघितली. ताडकन उठले ती छतावर डोकं आपटून. हे बघ टेंगूळ. हात लाव, हात लाव.

ताई : अगं बाई! चांगलंच आलंय की.

चिमी : घाबरतेस अजून?

ताई : घाबरते. पण आता घरात बसून घाबरायचा कंटाळा आला. डिझेल भरलंयस का?

चिमी : काठोकाठ! पाणी भरलंय, तुझी मऊ उशी घेतलीय, नकाशे घेतलेत. चल, आत्ता निघू!

ताई : आत्ता काय आत्ता? आंघोळ तरी करू दे.

चिमी : म्हणजे येतेस! तुम्ही ऐकलंत ना? साक्षीदार आहात तुम्ही!

सोलारवाला : ऐकलं, मावशी. शब्द न् शब्द.

चिमी : मग मशीन? मशीन कुठाय तुझं?

ताई : कुठे असणार? पलंगाशेजारी. भिंतीतल्या प्लगला लावलेलं.

चिमी : तू आंघोळीला जा. मी पळत जाऊन काढून आणते.

ताई : थांब. मी काढते.