पायऱ्यांखालचा समुद्र

समुद्रकिनाऱ्यावरच्या उद्यानात माहिती केंद्राची रांग होती. त्यात दोन जावा उभ्या होत्या. थोरली काठी टेकून.

"जाऊबाई, खाली पाण्यापर्यंत नुसत्या पायऱ्याच आहेत हो. तुमचे गुडघे कुठले ऐकायला!"

"म्हणजे एवढ्या लांब येऊन समुद्र खिडकीतून बघायचा? तो तर घरी कॅलेंडरवरही आहे."

"आत मोठ्या पडद्यावर दाखवतात म्हणे."

"पडद्यावरच्या पाण्याने पाय भिजतात का गं? लग्नाआधी एकदा शिरले होते पाण्यात. तेव्हापासून आपलं 'पुढच्या वर्षी जाऊ' चाललंय."

"मग बाटलीत भरून आणते."

"बाटलीत लाट मावते होय?"

रांग थोडी सरकली.

"बरं, तू जा. चांगली आतपर्यंत जा. आणि वर येताना पाय पुसू नकोस. तशीच येऊन माझ्याजवळ बस."