वाचनालयाच्या छतातले एकतीस सांधे

सगळ्या साइटवर चंदेरी मिस्त्री म्हणून ओळखला जाणारा मी, वय त्रेपन्न, धंदा थंड हवेच्या डक्टची जोडणी, राहणार सार्वजनिक वाचनालयामागची गल्ली, पहिला मजला, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की,

वाचनालयातल्या डक्टचं मूळ काम मी चार वर्षांपूर्वी केलं. तेव्हा मी तक्रारदार ठेकेदारांकडे नोकरीला होतो. पत्र्याच्या दोन तुकड्यांच्या सांध्यावर ॲल्युमिनियमची चिकटपट्टी लावणे हे माझं काम. पत्रा तेलकट येतो. तो आधी पुसावा लागतो. मग पट्टी लावून तिच्यावर घासणी फिरवायची, ती पत्र्यापासून वेगळी ओळखू येईनाशी होईपर्यंत. याचा तपासाशी संबंध नाही असं हवालदारसाहेब म्हणाले. तरी लिहून घ्यावं अशी विनंती केली व त्यांनी लिहून घेतलं.

पुढे ठेकेदारांनी वाचनालयाच्या नव्या बाजूचे डक्ट कापडी पट्टीने जोडायला काढले. ही पट्टी दिसायला चंदेरीच असते, पण छत तापलं की पत्र्याची साथ सोडते. त्यावरून आमचं वाजलं व मी काम सोडलं. त्यांनी मला काढलं, हे तक्रारीतलं म्हणणं खोटं आहे.

माझी मुलगी तिथे अभ्यासाला बसते. गेल्या आठवड्यात जेवताना ती म्हणाली, "बाबा, तुमच्या वाचनालयात फार उकडतं."

रविवारी सकाळी दहा वाजता, वाचनालय बंद असताना, मी शिडी, फडकी व घरची ॲल्युमिनियम पट्टीची चार रिळं घेऊन तिथे गेलो. पहारेकऱ्याने ठेकेदारांचा माणूस समजून दार उघडलं. मी ठेकेदारांचा आहे असं सांगितलं नाही, नाही असंही सांगितलं नाही. शिडी त्यानेच धरली. त्यात त्याचा दोष नाही. छताच्या फळ्या सरकवून मी एकतीस सांध्यांवरची जुनी पट्टी काढली, पत्रा पुसला, नवी लावली. दुपारी पावणेचारला ठेकेदार आले व खालून ओरडू लागले. तेव्हा शेवटच्या सांध्यावर घासणी चालू होती. सांधा अर्धवट सोडता येत नाही, म्हणून सहा मिनिटांनी उतरलो.

इथे ठाण्यात ठेकेदारांचं म्हणणं असं पडलं की, हवा गळणारे सगळे सांधे मुळात माझेच होते एवढं मी लिहून द्यावं, म्हणजे ते तक्रार मागे घेतील. वाचनालयाने त्यांच्याकडे खुलासा मागितला आहे असं कळतं. माझी पत्नी बाकावरून म्हणाली, "अहो, द्या लिहून आणि चला घरी. छताच्या आत कोण बघायला जातंय?"

मी म्हणालो, "मी गेलो होतो ना."

हवालदारसाहेबांनीही समजावलं, "काका, एका सहीचं काम आहे. नाहीतर कोर्टाच्या चकरा मारत बसाल."

तरी मी विचार करून सांगतो की, ते सगळे सांधे माझे नाहीत. त्यांतला एक माझा आहे, पुस्तकं बदलायच्या खिडकीच्या वरचा. त्या दिवशी फडकं खाली राहिलं होतं. शिडी उतरायचा कंटाळा केला व पत्रा बाहीने पुसला. चार वर्षं ती बाही डोक्यातून गेली नाही. मुलगी बोलल्यावर मी त्या एकासाठीच वर चढलो. तो खरंच गळत होता. तो नीट केल्यावर आत सरकून नव्या बाजूचे बघितले. ते बघितल्यावर तसंच उतरणं माझ्याच्याने झालं नाही.

परवानगीशिवाय आत गेलो हे कबूल. नुकसान केलं हे कबूल नाही. पंचांनी थंड हवा चालू ठेवून पेटती मेणबत्ती घेऊन वर जावं व एकतीसही सांध्यांशी धरावी. ज्योत हलली तर मी दुसरा जबाब देईन.

हा मजकूर मला वाचून दाखवला. त्यात 'सुमारे तीस सांधे ठेकेदारांचे' असं आलं होतं. 'सुमारे' खोडायला लावून शेजारी सही केली. तीस त्यांचे, एक माझा. आता लिहिलेलं माझ्या सांगण्याबरहुकूम असून खरं आहे.