वेळ चौपट करा

लढाईच्या दिवसांत आमच्या हिची दाढ ठणकू लागली, तेव्हा आम्ही कामरगावहून अकोल्याला गेलो. दाढ उपटायची की वाचवायची, हे एक्स-रेवर ठरणार होतं. तोंडातली फिल्म तिने बोटाने दाबून धरली. पण डॉक्टरांनी मशीनची नळी गालाजवळ आणली की ही मान मागे घ्यायची. दोन्ही फोटो फिके आले.

डॉक्टर वैतागले. "बाई, अंतर दुप्पट झालं की फोटोला वेळ चौपट लागतो!"

"मंग येळ वाढवा नं! परक्याच्या मशिनीले मी गाल कायले लावू?"

शेवटी त्यांनी वेळ चौपट केला. ही दगडासारखी बसली. फोटो लख्ख आला, दाढ वाचली. कोपऱ्यात बोटाचं टोकही उमटलं होतं.

तिने आयुष्यात कधी फोटो काढू दिला नाही. माझ्याकडे तिचा तेवढाच आहे.