आतली कडी

नाही हो पिराजीअण्णा, बाहेरून कुलूप आहेच, किल्ली मंगळसूत्रात अडकवलीय — मला कडी हवी ती आतून. स्वयंपाकघराला आतून कडी, हसलात ना? सुतारकामात असलं गिऱ्हाईक भेटलं नसेल. चोर? चामराजपेटेतला चोर भाताच्या पातेल्याला कशाला हात लावेल! घरचीच आहे, माझी रक्षिता, एकोणीस पुरी झाली. त्र्याण्णव साली मेंदूच्या तळाची गाठ काढली तिची. गाठ गेली — पण तिथंच बदामाएवढी जागा असते म्हणे, हायपोथॅलॅमस, भूक, झोप, अंगाची ऊब, सगळा कारभार तिथला. पोट भरलं, आता पुरे, असं सांगणाऱ्या पेशीच गेल्या. हंडाभर भात खाल्ला तरी पोर उपाशीच. नाटक नाही, अण्णा — एप्रिलात स्वेटर घालून कुडकुडते ना, तितकीच खरी भूक.

तेव्हा मला कुठलं कळायला? इस्पितळातून आली, चार पुरणपोळ्या खाल्ल्या, मी गल्लीभर पेढे वाटले! अजून एक घे, माझ्या गळ्याची शपथ — सहा महिने मीच आग्रह करकरून वाढलं. पानावरून कुणी अर्धपोटी उठलं तर आपल्यात घराची अब्रू जाते ना. मग गौरी जेवणाच्या दिवशी — जाऊ दे, तुम्ही स्क्रू आवळा. नाही, सांगतेच. नैवेद्याचं ताट ठेवून वळले, तर ही खातेय. देवाच्या आधी! उलथनं तापलेलं होतं हातात, ते मी तिच्या उजव्या हातावर — ओरडली हो. अन् मग डाव्या हातानं खायला लागली. रडत होती नि खात होती. तेव्हा समजलं, ही हावरट नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडं नेली, अन् त्यांनी हे पेशींचं सांगितलं.

आता मी रांधायला लागले की येते, पायाशी बसते, अम्मा, स्वल्प, एवढंसंच — अन् मी देते. दर वेळी देते. म्हणून कडी. आत कोंडून घ्यायचं, भिंतीकडं तोंड करून दोन घास गिळायचे.

बसली? सरी, छान झालं. चहा नाही देता यायचा, रागावू नका, दुधाचा वास लगेच येतो तिला. कोरड्या तोंडानं कुणी गेलं नव्हतं या घरातून —

ऐकलंत? खोलीतून विचारतेय, ‘अम्मा, पक्की बसली का गं?’ तिनंच धाडलं होतं मला, तुम्हाला आणायला. हो गं राणी, पक्की बसली. — निघा तुम्ही, अण्णा. निघा आता.